परबांचा गुरुवार

आमच्या चाळीखालच्या परबांच्या लाँड्रीच्या शटरवर 'गुरुवारी बंद' अशी पाटी होती आणि आमच्या लालबागच्या गल्लीत सगळ्यांचा समज असा की परब दत्तभक्त आहेत. नाव दत्ताराम, कपाळाला रोज अष्टगंध, त्यात गुरुवारी दुकान बंद. आणखी काय पुरावा हवा? गुरुवारी सकाळी पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन ते निघाले, की समोरच्या किराणावाल्याची बायको म्हणायची, "आमच्यासाठी पण काहीतरी मागा हो भाऊ." परब मान डोलवायचे. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

माझाही समज तोच होता. मग एका गुरुवारी परब देवळात न जाता माझ्या वर्गात आले.

मी परळच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. तीस वर्षं शिकवलं आणि तीस वर्षं मुलं मला घाबरत आली, हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लपवतही नाही. त्या दिवशी नववीवर आम्ल आणि अल्कलीचा धडा होता. दारात परब उभे. हातात मोठ्या बाईंची चिठ्ठी: यांना आजच्या तासाला मागे बसू द्यावे. मला वाटलं, माझ्या कुठल्या तरी साडीवरचा डाग निघाला नसेल आणि ते सांगायला आले असतील. ते सरळ जाऊन शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात, म्हणून आडवे बसले आणि पिशवीतून वही काढली.

तासाच्या मध्येच त्यांनी हात वर केला.

"बाई, हळदीचो डाग साबण लावल्यार लाल होता, तो ह्याच्यामुळंच काय?"

पोरं खो खो हसली. मी डस्टर आपटला. "हसायला काय झालं? हा प्रश्न तुमच्यातल्या एकाला तरी पडायला हवा होता." परब मात्र खाली मान घालून लिहीत होते. तास संपल्यावर त्यांनी न सांगता फळा पुसला, तोही वरून खाली, एका रेषेत, कपड्याला इस्त्री करतात तसा.

जाताना मी विचारलं, "तुम्ही गुरुवारी देवाला जाता ना?"

"नाय ओ बाई. मी शिकूक जातंय."

त्यांचे वडील गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. कापड पांढरं करण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ही लाँड्री काढली आणि सगळ्या कपड्यांना तोच एक उपाय करत राहिले. पांढऱ्याचं पांढरं झालं आणि रंगीताचंही पांढरं झालं. "बाबांका एकच येत होता," परब म्हणाले. "गिऱ्हाईक तुटत गेला आणि बाबा घरात बसान गेले. मी तेव्हाच ठरवलंय, दर आठवड्याक एक तरी नवीन गोष्ट. लाँड्रीतल्या माणसाकडसून नाय हां. लाँड्रीवालो माका माहीत असा तेवढाच सांगतलो."

आता हे ऐकायला फार छान वाटतं. पण त्यांच्या शिकण्याचा प्रसाद आम्हा गिऱ्हाइकांना मिळायचा, हे विसरून चालणार नाही.

एकदा ते परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. गेले होते रक्ताचे डाग धुण्याची पद्धत बघायला. तिथल्या नर्सनं त्यांना एका वाक्यात वाटेला लावलं: गार पाणी, गरम अजिबात नाही. परबांचा गुरुवार असा दहा मिनिटांत संपला. मग ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि डॉक्टर पेशंटला काय विचारतात ते ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत केस पेपर सुरू झाला! कपड्याचं नाव. तक्रार काय? कधीपासून? कशानं? घरी काय उपाय केलात?

"अहो परब, शर्ट धुवायला टाकलाय, भरती नाही केला," आमच्या दुसऱ्या माळ्यावरचे नाईक ओरडले.

"ता खरा. पण डाग कसलो?"

"कोकम सरबत."

परबांनी लिहून घेतलं. कोकमावरचे सगळे उपाय झाले, डाग ढिम्म. पुढच्या खेपेला नाईक बायकोला घेऊन आलेले. परबांनी एकदा नाईकांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि केस पेपरवर दुरुस्ती केली. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे वाचलं. लिहिलं होतं, 'इंग्रजी कोकम.' चौथ्या दिवशी शर्ट स्वच्छ झाला आणि नाईक जन्मभर परबांचे झाले.

हसण्यावारी नेलेला तो केस पेपर खरोखर कामाचा निघाला. निम्मे डाग मुळात साधे असतात, घरच्या उपायांनी ते पक्के होतात, हे परबांना त्या कागदांवरून कळलं. गरम पाणी ओतलं, मीठ चोळलं, कोणीतरी टूथपेस्ट लावली. मग त्यांनी दुकानात पाटी लावली: 'डाग पडल्यावर काही करू नका. आमच्याकडे या.' खाली लहान अक्षरात, 'रागावणार नाही.'

दादरच्या फुलबाजारातून ते पाणी शिंपडायला शिकून आले. तिथली एक वेणीवाली बाई बोटांनी असं पाणी उडवते की गजरा ओला होतो पण फूल भिजत नाही, असं त्यांचं म्हणणं. महिनाभर ते दुकानात बोटं झटकत होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या अंगावर पाणी उडत होतं. पण त्यानंतर माझ्या सुती साड्यांना जी इस्त्री मिळाली, तशी मला आजवर दुसऱ्या कोणी करून दिलेली नाही.

सगळंच जमलं असं नाही. माटुंग्याच्या एका हॉटेलात वेटर ऑर्डर ओरडून सांगतात, कागद नाही, काही नाही आणि तरी चूक होत नाही, हे बघून परब भारावले. शुक्रवारी सकाळी ते काउंटरवरून आतल्या माणसाला ओरडले, "एक पैठणी, पदरावर आमटी!" पैठणी घेऊन आलेली चाळकमिटीच्या अध्यक्षांची सून होती आणि ती पैठणी तिनं नणंदेच्या कपाटातून न विचारता नेसायला आणलेली होती. गल्लीभर झालं. परब संध्याकाळी तिच्या घरी जाऊन माफी मागून आले आणि वहीत लिहिलं, 'हॉटेल: लाँड्रीक चलणार नाय.' जे चालत नाही तेही ते लिहून ठेवायचे. हे मला फार आवडायचं. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, पण चुकलेला प्रयोग वहीत लिहिणारी दोन-चारच.

या सगळ्यात धंदा मात्र वाढत नव्हता. कोपऱ्यावर काचेचं दुकान आलं. मोबाइलवर बोट लावलं की माणूस घरी येऊन कपडे नेतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत आणतो. नवीन टॉवरमधले लोक तिकडे वळले. परबांची मुलगी वैशाली नोकरी करायची. ती म्हणायची, "पप्पा, बंद करा आता. कोणासाठी शिकताय?" परब हसून टाळायचे. पण एकदा मला म्हणाले, "बाई, ह्या काचवाल्याक मशीन असा. माझ्याकडं काय असा? जो डाग कोणाक निघणा नाय, तो मी काढतंय. तेवढाच. ता गेला की मी माझ्या बाबांसारखो घरात." ते हसत बोलले, पण मला ते आवडलं नाही. त्यांचे वडील घरात बसून कसे वाळत गेले, ते चाळीनं पाहिलं होतं.

म्हणून सुलभा ते लुगडं घेऊन आली, तेव्हा परबांचे डोळे का चमकले ते मला लगेच कळलं.

सुलभा काळाचौकीला राहायची. शांत, मोजकं बोलणारी बाई. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. दुधी रंगाचं, तांबड्या काठाचं सुती लुगडं तिनं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "आईचं आहे. वर्षश्राद्ध झालं, आता कपाटात ठेवीन म्हणते. कसर लागायला नको, म्हणून नीट धुवून द्या." कसर लागली की सुती कपड्याची चाळण होते, तिला तेवढीच भीती होती. परबांनी केस पेपर भरायला घेतला. त्यात तिनं डागाचं काहीच सांगितलं नाही. परबांनीही विचारलं नाही, कारण डाग त्यांना दिसला होता.

पदराच्या टोकाला तळहाताएवढा पिवळा पट्टा. हळद. एका दिवसाची नाही, बाई आयुष्यभर ओट्याशी उभी राहिली असेल आणि तिथंच हात पुसले असतील, अशी. तेल मुरलेलं, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन पक्की झालेली हळद.

ते संध्याकाळी माझ्याकडे आले. तोवर मी निवृत्त झाले होते आणि खरं सांगायचं तर कोणीतरी काहीतरी विचारावं याची वाट बघत होते. मी त्यांना पाऊण तास शिकवलं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आधी तेल काढा, रिठ्यानं, हलक्या हातानं. मग डाग ओला ठेवून ऊन दाखवा. बाकी लुगडं झाका, म्हणजे काठाचा रंग उडणार नाही. परबांनी सगळं लिहून घेतलं. चार दिवस ते गच्चीवर होते. एप्रिलचं ऊन, डोक्याला पंचा आणि दर अर्ध्या तासाला डाग ओला करायचा, वेणीवालीसारखं बोटांनी पाणी शिंपडून.

सुलभा येणार त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम खाली बोलावलं. मी गेले. का नाही जाणार? निम्मं श्रेय माझं होतं.

त्यांनी लुगडं काउंटरवर उलगडलं. सुलभानं काठावरून हात फिरवला. मग पदर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, दुसरं टोक बघितलं.

"इथे हळद होती," ती म्हणाली.

"गेली!" परब म्हणाले. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

सुलभानं पदर नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला. मग लुगड्याची घडी घातली, अगदी व्यवस्थित. "बरोबर आहे," ती म्हणाली. "डाग काढायलाच देतात माणसं लाँड्रीत. मीच सांगायला हवं होतं." आणि ती गेली. समोरच्या किराणावाल्याच्या पायरीवर तिला बसावं लागलं, ते आम्ही दोघांनी दुकानातून पाहिलं. किराणावाल्याच्या बायकोनं तिला पाणी दिलं.

मी माझ्या आयुष्यात बऱ्याच मुलांना रडवलं असेल, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी शिकवलेलं एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, पण शुक्रवारीही शटर खालीच राहिलं. शनिवारीही. रविवारी सकाळी वैशाली वर आली. "बाई, पप्पा म्हणतात दुकान बंद करायचं. मी कधीची हेच म्हणत होते. पण असं नको हो. ते जेवत पण नाहीयेत."

मी खाली गेले. परब दुकानात, बंद शटरच्या आड, दिवा लावून बसलेले. समोर परातीत पिवळं पाणी आणि पांढऱ्या कापडाचे पाच-सहा तुकडे. ते हळद परत लावायला शिकत होते. त्यांनी एक तुकडा माझ्यापुढे धरला. "बघा. रंग इलो. डाग नाय इलो."

मी म्हटलं, "परब, तिचा डाग परत येणार नाही. कोणाकडूनच येणार नाही."

"मग माका शिकान काय उपयोग झालो?"

मला राग आला, त्यांचा नाही, उत्तर नसल्याचा. मी म्हटलं, "येत्या गुरुवारी कुठे जाणार होतात?" त्यांनी मान हलवली. "मी सांगते कुठे जायचं ते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं सांभाळायचं काम करते. तिच्याकडे जा. मी फोन करते. जाणार नसाल, तर मला बाई म्हणायचं नाही."

ते गेले. परत आले ते थेट माझ्या दारात. पिशवी खांद्यावरच होती.

"बाई, त्या पोरीक एका जुन्या अंगरख्यावर घामाचो डाग दाखवलंय. मी म्हटलंय, ह्यो मी काढून देतंय. ती म्हणाली, काका, हात नका लावू, हा माणूस ह्यात राहत होता ह्याचा तेवढाच पुरावा आहे. ते लोक कपड्याक हात लावच्या आधी लिवतत, ह्याच्यातला काय राखूचा." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "इतक्या लोकांका मी विचारलंय, डाग कसलो, कधीचो, कशान पडलो. ह्या एकदा पण विचारूक नाय."

सोमवारी शटर उघडलं. केस पेपरवर एक रकाना वाढला होता: 'काय राहू द्यायचं?'

शटर उघडायच्या आधी ते काळाचौकीला सुलभाकडे जाऊन आले. काय बोलले ते मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिनं चहा दिला, एवढंच कळलं.

त्या रकान्याची गल्लीनं यथेच्छ चेष्टा केली. नाईकांनी लिहिलं, 'इज्जत.' पण हळूहळू लोक खरं लिहू लागले. 'बाळाच्या टोपड्यावरची तीट.' 'खिशावरची शाई, वडिलांच्या पेनाची.' 'सदऱ्यावरचा गुलाल धुवा, पण कॉलरच्या आतला राहू द्या.' ढोलपथकातला एक पोरगा तर, घाम सोडून सगळं काढा, म्हणाला. टॉवरमधून माणसं येऊ लागली. काचेच्या दुकानात हे विचारत नाहीत म्हणायची. दुकान चाललं. वैशाली शनिवारी काउंटरवर बसायला लागली आणि 'कोणासाठी शिकताय' हे म्हणायची थांबली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली असतील. परबांची तब्येत उतरली होती. श्वास लागायचा, स्टूलवर बसून काम करायचे. एके दिवशी सुलभा आली. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. तिनं पिशवीतून तेच लुगडं काढलं आणि केस पेपर स्वतःकडे ओढून भरायला घेतला. मी माझ्या साड्या न्यायला आले होते. तिनं लिहिलेलं परबांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

काय राहू द्यायचं? 'हळद.'

परबांनी पदर उलगडला. टोकाला पिवळा पट्टा होता. लहान, अजून कोवळा.

"ही आईची नाय," परब म्हणाले.

"नाही. माझी," सुलभा म्हणाली. "ते कपाटात ठेवलंच नाही मी. स्वयंपाक करताना खांद्यावर टाकते. हात आपोआप तिथेच जातो हो, आईचा जायचा तसा."

ती गेल्यावर परब मला म्हणाले, "बाई, हळद न जाता बाकी लुगडा कसा धुवायचा?"

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या मला ते येत नव्हतं. हा प्रश्न मला कधी कोणी विचारलाच नव्हता. मी तसं सांगितलं. परबांना ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

"येना नाय? मग शोधूक व्हया."

गुरुवारी वैशाली नको नको म्हणत असताना ते भुलेश्वरला गेले. तिथे एक कच्छी म्हातारी बांधणीचं काम करते. कापडाची चिमूट धरून दोऱ्यानं इतकी घट्ट आवळते, की रंगात बुडवलं तरी आत रंग शिरत नाही. रंग आत जात नाही, तर आतला बाहेरही येणार नाही, असा परबांचा हिशेब. दिवसभर तिच्यासमोर बसून ते गाठ शिकले. परत आले तेव्हा जिना चढवेना, दुकानातच बसले.

सुलभा लुगडं न्यायला आली, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर परब दुकानात आले नाहीत. पंधरा दिवसांनी गेले. आता दुकान वैशाली चालवते. शटरवर तीच पाटी आहे आणि गुरुवारी ती कुठे जाते, हे मी तिला विचारत नाही.

त्या दिवशी परब स्टूलवर बसले होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट, अष्टगंध. समोर लुगडं, स्वच्छ, सावलीत वाळवलेलं, फुलासारखी इस्त्री. फक्त पदराचं टोक दोऱ्यानं करकचून बांधलेलं, मुठीएवढी गाठ. सुलभा बघतच राहिली.

"गाठ तुम्ही सोडा," परब म्हणाले.

तिला ती सुटेना. परबांनी मदत केली नाही, हात मांडीवर ठेवून बसले. शेवटी दोरा सुटला आणि कापड सुरकुतत मोकळं झालं. परब स्टूलवरून वाकले, चष्मा वर करून पदराला नाक लागेल इतक्या जवळून त्यांनी बघितलं आणि मग माझ्याकडे वळून, माझी नववीची मुलं बरोबर उत्तर आल्यावर बघायची तसं बघितलं.

"राहिली," ते म्हणाले.